अळीला औषध ओळखू येतं का?

सर, तुम्ही विचारलंत ते असं. तुम्ही पारोळ्याकडच्या एका खेड्यात शिक्षक आहात, घरची सहा एकर कपाशी भाऊ पाहतो. यंदा चार फवारण्या करूनही बोंडं किडली तेव्हा भाऊ वैतागून म्हणाला, "आते अळ्याबी औषध वळखाले लागन्यात." हे तुम्ही सातवीच्या वर्गात सहज सांगितलं, तर एका पोरीनं उभं राहून विचारलं, "सर, अळीला मेंदू असतो का? ती शिकते का?" उत्तर सुचलं नाही म्हणून तुम्ही माझ्याकडे आलात, आणि कीटकांच्या आणखी काही अजब सवयी सांगा, म्हणजे पोरांना सांगता येतील, असंही म्हणालात.

मेंदू असतो, सर. पोरीला तेवढं उद्याच सांगून टाका. मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, पण असतो. डोक्यात एक गाठ आणि तिथून पोटाखालून शेपटापर्यंत गेलेली नसांची दोरी, तिलाही मध्ये मध्ये गाठी. शिकण्याचं म्हणाल तर काही कीटक खरोखर शिकतात, त्यांच्याकडे शेवटी येतो. पण तुमच्या भावाच्या शेतातली शेंदरी बोंडअळी त्याच्याकडून काही शिकलेली नाही. तिला औषध ओळखू येत नाही. तिला दिवस मोजता येतो, आणि आपल्याला ते जास्त महागात पडतं.

बत्तीस वर्षं मी तापीच्या दोन्ही काठांना कपाशी आणि केळीतल्या किडी पाहत हिंडलो. पहिली दहा-बारा वर्षं माझीही नजर 'किती मेल्या' एवढीच होती. कीड काय करते, कधी करते, आणि त्याच वेळी का करते, हे पाहायला लागलो तेव्हा कुठे कामाला अर्थ आला. म्हणून बोंडअळीपासूनच सुरू करतो. तुमच्या पोरांनी वाघ-सिंह चित्रात पाहिलेत, ही मात्र त्यांच्या बांधावर राहते.

ही कीड काल-परवा आलेली नाही. १८४२ साली भडोचच्या कपाशीत ती सापडली आणि पुढच्या वर्षी तिचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. तिची पाकोळी करड्या-तपकिरी रंगाची, सेंटीमीटरभर लांब, दिवसा मातीच्या ढेकळाआड नाहीतर पानाखाली दडून बसणारी. ती रात्री पात्यांवर, कळ्यांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. चार-पाच दिवसांत अंड्यातून निघालेली अळी केसाएवढी असते. ती बाहेर फार रेंगाळत नाही, लगेच आत शिरायला बघते. फुलात शिरली तर पाकळ्या रेशमानं आतून शिवून टाकते, आणि फूल उमलायचं सोडून गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. तीच आपली डोमकळी. बोंडात शिरली तर शिरताना केलेलं भोक काही दिवसांत भरून येतं. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, आणि आत सरकीवर जेवण चाललेलं.

आता फवाऱ्याचा विचार करा. औषध पडतं बाहेर, अळी आहे आत. ती औषध ओळखून पळाली नाही, तिची आणि औषधाची गाठच पडली नाही. अंडं फुटल्यापासून आत शिरेपर्यंतच्या त्या थोड्या वेळात फवारा बसला तर तो कामाचा. आपण फवारतो कधी? किडकी बोंडं दिसल्यावर. म्हणजे वरात निघून गेल्यावर मांडव घालतो.

ऑगस्ट-सप्टेंबरात तिचं काम भराभर चालतं. अळी दोन आठवड्यांत पोसते, बोंडाला गोल भोक पाडून खाली पडते, मातीत नाहीतर पालापाचोळ्यात कोष करते, आठ-दहा दिवसांत पाकोळी बाहेर. साधारण महिन्याला एक पिढी. मात्र नोव्हेंबर लागला की तीच अळी वेगळी वागते. पोसून तयार झाली तरी बाहेर पडत नाही. दोन सरक्या जवळ ओढते, आतून पोखरते, रेशमानं एकमेकींना चिकटवते आणि त्या पोकळीत वेटोळं करून पडून राहते. खात नाही, वाढत नाही, श्वासही अगदी जपून. कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांना ही 'जोडसरकी' चांगली ठाऊक असते. अशा झोपेत ती महिनोन्‌महिने काढते, काही अळ्या तर वर्ष उलटून गेल्यावरही जिवंत सापडतात.

हे तिला कोण सांगतं? दिवस सांगतो. आपल्या खानदेशात जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांहून मोठा असतो, डिसेंबरात अकराच्या आत येतो. दिवस लहान होत चालला ही अळीसाठी मुख्य खूण. थंड रात्री आणि पक्व, तेलकट सरकीचं खाणं त्या खुणेला जोर देतात. म्हणजे झोपायचं की नाही हे ती थंडी पडल्यावर ठरवत नाही, थंडी यायच्या आधीच ठरवते. पाऊस लवकर जाईल, उशिरा जाईल, थंडी पडेल न पडेल, दिवसाची लांबी मात्र दरवर्षी त्याच तारखेला तेवढीच असते. लबाडी न करणारं पंचांग तेवढं एकच आहे आणि नेमकं तेच तिनं धरलं.

उठताना ती आणखी एक गोष्ट करते, आणि ती मला फार आवडते, शेतकऱ्याच्या पोटात गोळा आणणारी असली तरी. सगळ्या अळ्या एकदम उठत नाहीत. काही मार्च-एप्रिलमध्ये उठतात, काही मे-जूनच्या पावसाच्या ओलीवर, काही जुलैत. एका मार्चमध्ये मी एका जिनिंगच्या आवारात दोन कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासानं नराला ओढणारे सापळे, लावले. आजूबाजूला चार-पाच कोसांत कपाशीचं हिरवं पान नव्हतं, तरी सकाळी सापळ्यात नर पाकोळ्या अडकलेल्या. मार्चमध्ये उठलेल्या या पाकोळ्यांच्या हाती काही लागत नाही. अंडी घालायला ना पाती ना बोंड, आठ-पंधरा दिवसांत मरून जातात. पण सगळ्यांनी एकाच पावसाचा भरवसा धरला आणि तो पाऊस फसला तर कुळच बुडेल. तुमच्या वडिलांनी दुबार पेरणीच्या भीतीनं थोडं बियाणं घरात राखून ठेवलेलं तुम्ही पाहिलं असेल. अळीचंही तेच, फक्त ते राखलेलं बियाणं म्हणजे तिच्या झोपलेल्या बहिणी.

आता आपण काय केलं ते पाहा. चोपडा, यावल, शिरपूर, रावेर भागात ठिबकवर मे महिन्यात कपाशी लावायची चाल पडली. मेमध्ये लावलेल्या कपाशीला जूनअखेरीस, जुलैच्या सुरुवातीला पात्या येतात. म्हणजे उपाशी मरायच्या पाकोळ्यांना आपण पंगत वाढून ठेवली. त्या पंगतीवर एक-दोन पिढ्या वाढतात आणि कोरडवाहू कपाशीला फूल लागायच्या वेळी फौज तयार असते. दुसऱ्या टोकाला फरदड. डिसेंबरनंतर पाणी देऊन पऱ्हाटी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली की झोपायला जाणाऱ्यांची संख्या वाढते. मे ते मार्च, शेतात कपाशी नाही असा आपण एकच महिना ठेवला. एक जूनआधी कपाशीचं बियाणं शेतकऱ्याला विकू नये असा नियम राज्यात आला, त्याचं कारण हेच. दुकानदाराशी भांडणारे शेतकरी मी पाहिलेत. त्यांचा रागही समजतो, कारण लवकर लावलेल्या कपाशीला भाव आणि उतारा दोन्ही बरे मिळायचे. पण त्याची किंमत शेजारच्या कोरडवाहूवाल्यानं मोजली.

बीटीचं काय, हे तुमचा भाऊ विचारणारच. बीटी कपाशी म्हणजे जनुक घालून अळीला मारणारं विष स्वतःच बनवणारी कपाशी. तिला आपल्याकडे २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचं वाण २००६ मध्ये आलं. पहिल्या जनुकाला न दबणारी शेंदरी अळी २००८ मध्ये गुजरातेत अमरेलीकडे सापडली, आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात तिनं कपाशीची काय नासाडी केली ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. इथंही कोणी काही शिकलं नाही. लाखांत एखादी अळी जन्मतःच अशी असते की ते विष तिच्या आतड्यात नीट चिकटत नाही. बाकीच्या मेल्या, ती राहिली, तिला जोडीदारही तसाच राहिलेला मिळाला, पोरं तशीच झाली. बस, एवढंच. हिरव्या बोंडअळीवर बीटी कितीतरी जास्त टिकलं. कारण ती तूर, हरभरा, टोमॅटो, जे मिळेल ते खाते. तिच्यातल्या पुष्कळ जणी बीटीचं तोंडही न पाहता वाढतात आणि त्यांचं रक्त पुन्हा मिसळत राहतं. शेंदरीचा सगळा संसार कपाशीवर, आणि कपाशी सगळी बीटी. बियाण्याच्या पिशवीसोबत बिगरबीटीचं छोटं पाकीट यायचं, ते कडेनं लावायचं असायचं. किती जणांनी लावलं? मी स्वतः सांगत फिरलो तरी शंभरात पाच जणांनीही ऐकलं नसेल. पाकिटं गोठ्याच्या फळीवर पडलेली असायची.

सापळ्यांचं थोडं सांगतो, कारण वर्गात दाखवायला ते सोपं आहे. मादी पाकोळी रात्री पोटाच्या टोकाशी एक वास सोडते. तो दोन रसायनांचा जवळजवळ निम्मा-निम्मा मेळ असतो. प्रमाण बिघडलं की नर ढुंकून बघत नाही. नराच्या मिशा त्या वासासाठीच घडलेल्या. माणसानं तोच वास कारखान्यात बनवला आणि रबरी गोळीत भरला, त्यालाच आपण ल्युर म्हणतो. हेक्टरी पाच सापळे लावायचे. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ नर आले तर फवारणीची वेळ झाली असं समजायचं. सापळा म्हणजे मुख्यतः घड्याळ आहे. तो लावून निवांत बसू नका, रोज सकाळी मोजा, आणि ते काम पोरांना द्या, ती मोजण्यात आपल्यापेक्षा पक्की असतात. हाच वास जास्त प्रमाणात दोरीसारख्या तुकड्यांत भरून शेतभर झाडांना बांधला की नराला मादी कुठे आहे ते समजत नाही, अख्ख्या शेताला तिचाच वास. मिलनच झालं नाही तर अंडी कुठली! अमेरिकेत असे वास, बीटी, पऱ्हाटी वेळेत काढणं आणि वांझ केलेल्या पाकोळ्या विमानातून सोडणं, हे सगळं एकत्र वापरून २०१८ मध्ये ही कीड तिथल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर झालं. त्या वांझ पाकोळ्यांना लहानपणीच लाल रंग घातलेलं खाणं द्यायचे, म्हणजे सापळ्यात सापडलेली घरची की रानातली, हे पोट फोडलं की कळायचं. आपल्याकडे दोन-दोन एकरांचे तुकडे आणि गावात पन्नास मतं, त्यामुळे ते जसंच्या तसं जमणार नाही. पण पऱ्हाटी जानेवारीत उपटायला विमान लागत नाही.

बोंडअळीवर फार बोललो. आता कुंभारीण नावाच्या गांधीलमाशीकडे वळतो, कारण पोरीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिच्यापाशी आहे.

शाळेच्या खिडकीच्या चौकटीत, प्लगच्या भोकात, भिंतीवरच्या फोटोमागे मातीची घरटी केलेली असतील, बघा. लहानपणी कीर्तनात मी कीटक-भृंगाचा दृष्टांत ऐकला होता. भृंगी अळीला आणून मातीच्या घरात कोंडते, बाहेरून गुणगुणत राहते, आणि भीतीनं म्हणा, ध्यासानं म्हणा, अळी भृंगी होऊन बाहेर पडते. दृष्टांत सुंदर आहे, आणि ज्यानं तो पहिल्यांदा दिला त्यानं निरीक्षण नीट केलं होतं. अळी आत जाताना त्यानं पाहिली, कुंभारीण बाहेर पडताना पाहिली. फक्त मधलं घर फोडून पाहिलं नाही. आत असतं ते असं: कुंभारीण अळीच्या नसांच्या गाठींवर नेमके डंख मारते. अळी मरत नाही, लुळी पडते. मेली असती तर आपल्या उन्हात दुसऱ्या दिवशी सडली असती. जिवंत पण हलू न शकणारी अळी कित्येक दिवस ताजी राहते. लोट्यासारखं गोल घर करणारी कुंभारीण आपलं अंडं छताला बारीक दोऱ्यानं टांगते, म्हणजे अळ्यांच्या वळवळीत ते चिरडणार नाही. अंड्यातून निघालेलं पिल्लू त्या ताज्या शिदोरीवर वाढतं आणि भोक पाडून बाहेर येतं. लांबोळकी, ओळीनं लिंपलेली घरं असतील तर ती वेगळ्या जातीची, त्यांत अळ्यांऐवजी लुळे कोळी निघतील.

इतकं नेमकं काम पाहिलं की वाटतं, हिला सगळं कळतं. फ्रान्सच्या फाब्र नावाच्या अभ्यासकानं हेच तपासलं होतं. जमिनीत बीळ करणारी एक गांधीलमाशी लुळा केलेला रातकिडा बिळाच्या तोंडाशी आणून ठेवते, आत जाऊन बीळ ठीक आहे का बघून येते, मग रातकिडा आत ओढते. ती आत गेली की फाब्र रातकिडा थोडा लांब सरकवायचा. माशी बाहेर यायची, रातकिडा पुन्हा तोंडाशी आणायची, आणि नुकतंच पाहिलेलं बीळ पुन्हा बघायला आत जायची. चाळीस वेळा सरकवलं, चाळीस वेळा तेच. एका पायरीवर पुढची पायरी, मधली चुकली की मागे जायचं. पण पोरांना इथंच सोडू नका. त्याच फाब्रला दुसऱ्या ठिकाणच्या माश्या अशा भेटल्या की दोन-तीनदा फसल्यावर त्या सरळ रातकिडा ओढून आत घेऊन गेल्या. एकाच जातीत अशीही आणि तशीही. किडा म्हणजे निव्वळ यंत्र, असं म्हणणाऱ्यांवर त्यामुळे माझा पूर्ण विश्वास बसत नाही.

केळीच्या बागेत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते माव्यानं. मादी मावा नराशिवाय पिल्लं देते, अंडी न घालता थेट पिल्लं, आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढच्या पिढीची वाढ आधीच सुरू झालेली असते. आजीच्या पोटात आई, आईच्या पोटात नात. आठ-दहा दिवसांत पिल्लू स्वतः आई होतं. आपल्या हवेत हे बारा महिने चालतं. पानावर दाटी झाली किंवा झाड सुकायला लागलं की पुढच्या पिल्लांना पंख फुटतात. पंख करायला खर्च लागतो, म्हणून गरज नसताना ते करत नाहीत.

मावा झाडाचा रस पितो, त्यात साखर भरपूर आणि प्रथिनांचा कच्चा माल नाममात्र. तेवढ्यासाठी त्याला रस बदाबद प्यावा लागतो, आणि जास्तीची साखर मागून चिकट थेंबाथेंबानं बाहेर टाकतो, तोच पानावरचा चिकटा. कमी पडणारा माल त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवून देतात. ही भागीदारी दहा कोटी वर्षांहून जुनी आहे. चिकट्यासाठी मुंगळे येतात, आणि गवळी जसा म्हशीजवळ बसतो तसे माव्याजवळ बसतात. मिशीनं गुदगुल्या करून थेंब काढून घेतात, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना हाकलतात. बागेत केळीच्या खोडावर मुंगळ्यांची रांग वर-खाली दिसली की आधी कोवळ्या पानाच्या बेचक्यात बघा.

इथली एक चूक माझीच आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याला मी कपाशीतल्या माव्यासाठी कडक औषध सांगितलं. तीन दिवसांत पानं स्वच्छ, तो खूश, मी खूश. पंधरा दिवसांनी मावा आधीपेक्षा दुप्पट. औषधानं मावा मेला तसे ढालकिडे, माव्यावर जगणारा क्रायसोपा नावाचा जाळीदार पंखांचा किडा, माव्याच्या पोटात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या, सगळे मेले. मावा आठवड्यात परत उभा राहतो, ढालकिड्याला महिना लागतो. तो शेतकरी मला काही बोलला नाही, पुढच्या वर्षी फक्त विचारलं नाही.

केळीवरचा सीएमव्ही, म्हणजे काकडी मोझॅक विषाणूचा रोग, ज्याला रावेर-यावलकडे हरण्या म्हणतात, तोही माव्याच्याच तोंडून येतो. रोगट झाडाला मावा चव घेण्यासाठी नुसती सोंड टोचतो, तेवढ्यात विषाणू सोंडेच्या टोकाला लागतो, आणि दुसऱ्या झाडावर तशीच चव घेताना उतरतो. सगळा व्यवहार मिनिटभराचा. औषधानं मावा मरायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून नुसत्या फवारणीनं हा रोग थांबत नाही. रोगट झाड उपटून गाडणं आणि बागेत काकडीवर्गीय वेल, तण न ठेवणं, हेच चालतं. यातली गंमत पुढे आहे. भोपळ्याच्या वेलावर अमेरिकेत केलेल्या प्रयोगात, जो २०१० मध्ये छापून आला, असं दिसलं की याच विषाणूनं ग्रासलेलं झाड माव्याला ओढणारा वास जास्त सोडतं, पण चवीला बेकार लागतं. मावा वासानं येतो, टोचतो, थू करतो आणि उडून दुसऱ्या झाडावर जातो. विषाणूला नेमकं हेच हवं असतं. ज्याला धड जिवंत म्हणता येत नाही, तो झाडाला आणि किड्याला असा नाचवतो. यात हुशार कोण, ते तुमच्या पोरीला विचारा.

मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, मोठी लष्करी अळी बहुधा एकटीच का सापडते, हेही तुम्ही विचारलं होतं. अंडी एका जागी शंभर-दोनशे असतात, मग बाकीच्या गेल्या कुठं? काही रेशमाच्या धाग्याला लोंबकळत वाऱ्यानं दुसऱ्या झाडांवर जातात आणि एका पोंग्यात उरलेल्या मोठ्या झाल्या की एकमेकींना खातात. ही कीड अमेरिकेतली, भारतात २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा दिसली, आणि दोन-तीन वर्षांत आपल्या मक्याला सवयीची झाली. तिची पाकोळी एका रात्रीत शंभर किलोमीटरही जाते, तिला तालुक्याची शीव काय अडवणार?

हुमणीचं, म्हणजे मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीचं, थोडक्यात. पहिला दमदार वळीव झाला की दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. तिथंच जोड्या लागतात, रात्रभर पाला खातात, पहाटे परत मातीत. वर्षभर मातीत काढून बाहेर यायला त्यांना आठवडा-दोन आठवडेच मिळतात, म्हणून सगळे त्याच घटकेला येतात. आपल्यालाही ती घटका सापडली तर फांदी हलवून, खाली रॉकेल टाकलेल्या पाण्यात गोळा करता येतात. एकट्यानं करून फायदा नाही, गावानं त्याच तीन-चार संध्याकाळी केलं तर आहे. नंतर मुळाशी अळी लागल्यावर ऊस पिवळा पडतो, तेव्हा काय करणार?

पोळ्याच्या सुमारास शेतावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर तुम्ही पाहिले असतील. लहानपणी आम्ही त्यांच्या शेपटाला दोरा बांधायचो, आता आठवून वाईट वाटतं. त्यांच्यातली एक जात पावसाच्या वाऱ्यासोबत फिरते, आणि मालदीववरून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जाते असं दिसून आलंय. डबक्यात वाढायला त्यांना दीड-दोन महिने पुरतात, म्हणजे आपलं पावसाचं पाणी आटायच्या आत. जाणारा आणि परत येणारा एकच नसतो, मधे पिढ्या बदलतात. रस्ता कोणी कोणाला दाखवलेला नाही.

उंबराचं फूल कोणाला दिसत नाही म्हणतात. फुलं असतात, फळाच्या आत, शेकड्यांनी. उंबर फोडून केंबरं कशाला उडवायची, असं आजी म्हणायची. पण एकदा वर्गात फोडाच, आणि भिंग द्या. त्या केंबरांची मादी टोकाच्या बारीक छिद्रातून आत घुसते, घुसताना पंख तुटून पडतात, आतल्या फुलांना पराग देते, अंडी घालते आणि तिथंच मरते. तिच्या पोरांतले नर बिनपंखी, ते आतच जन्मतात, आतच जोडी लावतात, आपल्या बहिणींसाठी फळाला बोगदा पाडतात. पंखवाल्या मुली पराग घेऊन बाहेर पडतात. उंबराच्या प्रत्येक भाऊबंदाची, वडाची, पिंपळाची, अशी आपापली केंबरं आहेत.

आता शिकणारे. मधमाशी शिकते, यात शंका नाही. एखाद्या फुलाचा वास आणि साखरेचं पाणी एकत्र दोन-चार वेळा दिलं की नंतर नुसत्या वासाला ती जीभ बाहेर काढते. कुठलं फूल दिवसाच्या कोणत्या वेळेला रस देतं हेही ती लक्षात ठेवते आणि त्याच वेळेला येते. पोळ्यावर नाचून बहिणींना पत्ताही सांगते. आग्या मोहोळात उभ्या पोळ्यावर ती शेपटी हलवत सरळ चालते. सरळ वर चालली तर सूर्याच्या दिशेनं, उजवीकडे कलली तर सूर्याच्या उजवीकडे, आणि जितका वेळ शेपटी हलवली तितकं लांब. हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिशला १९७३ चं नोबेल मिळालं. गावाच्या पाण्याच्या टाकीखाली आग्या मोहोळ असेल तर लांबून पाहा. गांधीलमाशी जवळ आली की पोळ्यावरून लाट फिरते, क्रिकेटच्या मैदानात प्रेक्षक उठतात तशी. शेकडो माश्या एकापाठोपाठ पोट वर उचलतात आणि गांधीलमाशी बिचकते. दगड मात्र कोणी मारू नका, तुमच्या शाळेत एक तरी उद्योगी पोरगा असणारच.

कांद्याचं बी धरणाऱ्यांना माशीच्या शिकण्याचा त्रासही होतो. कांद्याच्या गोंड्यातल्या रसात पोटॅशियम जास्त असतं, माशीला तो फारसा आवडत नाही. शेजारी दुसरं गोड फुललेलं पीक असलं की ती एक-दोन फेऱ्यांत कांदा सोडून तिकडची वाट धरते. म्हणून मधमाश्यांच्या पेट्या गोंडे थोडे फुलल्यावरच आणा. आधी आणून ठेवल्या तर ती दुसरं शेत पाठ करून बसते.

पोरीसाठी एक काम सांगतो. वेचणीत निघालेल्या कवडी, म्हणजे किडक्या-डागाळलेल्या, कापसातून जोडसरक्या निवडायला लावा. दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या, बोटानं ओढूनही सहज न सुटणाऱ्या. पन्नास सापडतील. एखादी तिच्यासमोर सोडवा, आत वेटोळं करून पडलेली गुलाबी अळी दिसेल, थोडी ऊब लागली की हलेल. बाकीच्या काचेच्या बरणीत टाका, तोंडाला घट्ट विणीचं कापड दोऱ्यानं पक्कं बांधा, आणि बरणी शाळेच्या व्हरांड्यात, सावलीत पण उजेडात ठेवा. रोज सकाळी तिनं पाहायचं, पाकोळी निघाली की तारीख लिहायची. निघालेली एकही बाहेर सोडायची नाही, बरणी साबणाच्या पाण्यात उलटी करायची. वहीत तारखा किती पसरतात ते बघून मला कळवा. मागच्या वर्षी माझ्या खिडकीतल्या बरणीत पहिली पाकोळी होळीच्या आधी निघाली होती. आता काही उरलं नाही म्हणून जुलैत बरणी धुवायला घेतली, तर कापडाला आतून एक चिकटून बसली होती.